समस्या, संभाव्य कारण, उपाय

प्रत्येक माणसाच्या वाट्याला एकदा तरी आत्मज्ञानाचा क्षण येतो, असं जाणते लोक सांगतात. कोणाला तो डोंगरमाथ्यावर गाठतो, कोणाला स्मशानात. जावयाला तो रविवारी सकाळी, सासऱ्यांच्या टेबलाखाली, ओठांत दोन स्क्रू धरून ओणवं असताना आला. आणि त्यात त्याला झालेलं ज्ञान एवढंच होतं, की आपण कॉम्प्युटर इंजिनियर नाही.

ही गोष्ट त्याला तशी आधीपासून माहीत होती. सासरी माहीत नव्हती. लग्न ठरताना कोणीतरी ‘मुलगा कंपनीत टेक्निकल आहे’ असं म्हणून गेलं होतं आणि त्या एका शब्दावर त्याने आजवरचा संसार रेटला होता. प्रत्यक्षात तो मिक्सर, इस्त्र्या आणि गीझर बनवणाऱ्या कंपनीत माहितीपुस्तिका लिहायचा. खोक्यात सगळ्यात वर असते आणि सगळ्यात आधी फेकली जाते, ती. तिच्या शेवटच्या पानावर तीन रकान्यांचा तक्ता असतो: समस्या, संभाव्य कारण, उपाय. हा तक्ता म्हणजे जावयाचं जीवितकार्य. ‘यंत्र सुरू होत नाही, वीजपुरवठा नाही, प्लग नीट बसला आहे याची खात्री करा’ ही ओळ तो झोपेतही म्हणू शकला असता, आणि बायकोच्या सांगण्यावरून, म्हणायचाही. एवढ्या भांडवलावर सासरचे पंखे, मेहुणीचा फोन आणि शेजाऱ्यांची दारावरची बेल त्याच्याकडे यायची. बहुतेक यंत्रं प्लग नीट बसवल्यावर सुरू व्हायची. त्यामुळे त्याची कीर्ती अकारण वाढत गेली होती.

आजचं प्रकरण प्लगचं नव्हतं. आज सासऱ्यांच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवायचं होतं.

सासरे पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होते. गावठाणाच्या पोटातून जाणाऱ्या सगळ्या जुन्या पाइपांचे नकाशे त्यांच्या हातचे. ते निवृत्त झाले आणि मागोमाग ते नकाशेही गेले. रेकॉर्डरूमच्या छतातून जाणारा खात्याचाच पाइप गळत होता आणि तो कोणत्या नकाशात आहे हे शोधेपर्यंत सगळी कपाटं भिजून लगदा झाली होती. तेव्हापासून त्या पाइपांचा नकाशा जगात एकाच ठिकाणी उरला होता: सासऱ्यांच्या डोक्यात. तो ते आपल्या कॉम्प्युटरवर उतरवत बसायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारतही नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, दुसऱ्यांचे नवरे निवृत्तीनंतर बागकाम करतात, आमचे जमिनीखाली गेले.

पण गेल्या आठवड्यात विचारायची वेळ आली. सरकारी हॉस्पिटलच्या फाटकासमोर रस्ता खोदायला सोमवारी सकाळी मशीन लागणार होतं. तिथे जुनी मोठी लाइन एका बुजवलेल्या विहिरीला वळसा घालून जाते, आणि त्या वळशाचा सांधा रस्त्याखाली अगदी वरवर आहे. मशीनचा दात लागला असता, तर हॉस्पिटलचं पाणी गेलं असतं. सासऱ्यांनी खात्याला फोन केला. तिथल्या तरुण इंजिनियरने सगळं आदराने ऐकून घेतलं आणि सांगितलं, “आजोबा, तोंडी सांगून मशीन थांबत नाही. नकाशा पाठवा, मी उभा राहून खोदाई वळवतो.”

नकाशा तयार होता. फक्त तो वळसा तेवढा राहिला होता.

आणि तोच येत नव्हता. वळशाच्या भागात गेलं की पडद्यावरची रेघ करवतीसारखी दातेरी यायची, टिंब भलतीकडेच पडायचं. सासऱ्यांनी निदान केलं की मशीन थकलंय. दुकानदारानेही फोनवर हेच सांगितलं, कारण त्याच्याकडे एक कार्ड शिल्लक होतं. कार्ड घातलं की लोण्यासारखं चालेल, म्हणाला. कार्ड घरी आलं आणि पाठोपाठ जावई.

तर जावई टेबलाखाली होता. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. बायको खुर्चीच्या पाठीला रेलून बघत होती. सासरे खोलीत येरझाऱ्या घालत होते, हात पाठीमागे घट्ट बांधून. अलीकडे ते असेच चालायचे. जावयाला ती परीक्षेच्या वर्गावरच्या पर्यवेक्षकाची चाल वाटायची आणि त्यामुळे त्याला आणखीच घाम फुटायचा.

डबा उघडल्यावर पहिलाच साक्षात्कार झाला तो असा, की कार्ड डब्यापेक्षा लांब आहे. म्हणजे बसतं, पण टोकाला हार्ड डिस्कवर आपटतं. नकाशा जिच्यात साठवलेला होता ती डिस्कच काढून खालच्या खणात सरकवावी लागणार होती. जावयाने पुस्तिकेतल्या सावध आवाजात विचारलं, की नकाशाची दुसरी प्रत कुठे ठेवलेली असेल ना.

“दुसरी कशाला?” सासरे म्हणाले. “हाच तर पहिला आहे अजून.”

जावयाने ओठांतले स्क्रू गिळले नाहीत, एवढंच. हॉस्पिटलच्या पाण्याचा एकुलता एक नकाशा हातात धरून तो काही वेळ टेबलाखालीच बसला. त्याच्या उभ्या कारकिर्दीत चुकीच्या पुस्तिकेने झालेलं सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे एका बाईची इडलीची चटणी भिंतीवर उडाली होती, असं सांगता आलं असतं. पण खरं तर तिने पुस्तिका वाचलीच नव्हती.

डब्यात अंधार होता. सासरे टॉर्च घेऊन वाकले. जावई एका हाताने डिस्क तोलून दुसऱ्याने तिची तार शोधत होता आणि उजेडाचा गोळा मात्र तारेवर ठरत नव्हता. इकडून तिकडे, पंख्यावर, भिंतीवर, जावयाच्या नाकावर. दोनदा त्याचा चिमटा हुकला.

“बाबा, जरा एका जागी धरा ना,” तो म्हणाला. आवाज हवा होता त्याहून वर गेला.

बायकोने त्यांच्या हातून टॉर्च काढून घेतला. उजेड तारेवर येऊन थांबला. सासऱ्यांचे हात पुन्हा पाठीमागे गेले आणि ते खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीचा जिना होता.

डिस्क सरकली. कार्ड खाचेत गेलं. नीट बसावं म्हणून जावयाने अंगठ्याने दाबलं, मग आणखी जरा दाबलं, कारण कंपनीत त्याने ‘घट्ट बसेपर्यंत दाबा’ असं असंख्य वेळा लिहिलं होतं आणि घट्ट म्हणजे किती हे एकदाही लिहिलं नव्हतं. कार्डाला वेगळी वीज लागते, तीही जोडली. बटण दाबलं.

पंखा फिरला. दिवा लागला. पडदा काळाच. आणि डब्याच्या पोटातून बारीक आवाज यायला लागला: टीं, टीं, टीं. थांबेचना. एखाद्या हट्टी पोरासारखा.

“हे चांगलं का वाईट?” सासूबाईंनी विचारलं.

जावयाने सांगितलं की यंत्र स्वतःची तपासणी करतंय. हे खोटं नव्हतं. तपासणीत ते नापास झालंय, एवढंच त्याने सांगितलं नाही.

मग त्याने शहाण्या माणसाचा मार्ग धरला. कार्ड काढून टाकलं, डबा पूर्वी होता तसा केला, पडद्याची तार जुन्या जागी आहे हे पाहिलं आणि पुन्हा बटण दाबलं. टीं, टीं, टीं. म्हणजे नवं बसत नव्हतं ते नव्हतंच, आता जुनंही चालत नव्हतं. तासाभरापूर्वी या घरात वाकडी रेघ काढणारा का होईना, एक कॉम्प्युटर होता. जावयाने त्याचा पेटारा केला होता.

पाणी प्यायच्या निमित्ताने तो स्वयंपाकघरात गेला. बायको मागोमाग आली. तिने नळ मोठा सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

“तुला येतं ना रे हे?”

“येतं म्हणजे, तत्त्व माहीत आहे.”

“तत्त्वाने हॉस्पिटलला पाणी जाणार आहे?” मग ती जरा हळू बोलली. बाबांनी हे कार्ड नुसतं नकाशासाठी घेतलेलं नाही, म्हणाली. काल तिने दारातून पाहिलं होतं. एकच रेघ काढत होते नि पुसत होते, काढत होते नि पुसत होते, आणि मग मशीनला शिवी दिली. “बाबा शिवी देत नाहीत कधी. आईलासुद्धा आश्चर्य वाटलं. आईला आयुष्यात मिळाली नाही, ती मशीनला मिळाली.”

जावयाने गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं आणि दुकानदाराला फोन लावला. दुकानदार जेवत होता. आवाज कसा येतो, असं त्याने घास चावत विचारलं. जावयाने इकडेतिकडे बघून, मोठ्या कंपनीतल्या मोठ्या वयाच्या माणसाला शोभेल तितक्या गंभीरपणे, फोनमध्ये टीं टीं करून दाखवलं. शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबली. दुकानदार म्हणाला, रॅम हललीय. कार्ड जोरात दाबलं असणार, जुन्या मशीनमध्ये ती अगदी खेटून असते. काढून परत बसवा, टक्क आवाज आला पाहिजे. जावयाने आणखी आवाज खाली आणून विचारलं, की रॅम म्हणजे त्यातली नेमकी कोणती. पलीकडे घास थांबला. मग दुकानदाराने, लहान मुलाला नाक कुठे आहे ते सांगावं तसं, ते सांगितलं.

टक्क आवाज आला. बटण दाबल्यावर टीं टीं झालं नाही आणि पडद्यावर सासऱ्यांच्या गावठाणाचा नकाशा उमटला. निळ्या रेघा, लाल सांधे, हॉस्पिटलचं फाटक, आणि फाटकासमोर दोन्हीकडून येऊन मध्येच थांबलेली मोठी लाइन. सासूबाईंनी पदराने कपाळ पुसलं. जावई जमिनीवरच बसला. मेलेल्या माणसाला परत आणल्यावर वैद्य ज्या समाधानाने बसत असेल तसा. त्याला आपणच मारलं होतं, हे विसरून.

आणि बसल्याबसल्या त्याला सुबुद्धी झाली. तो म्हणाला, की बाबा, आता चालू झालाय तर कार्डाचं राहू द्या. आज नकाशा जाऊ दे, कार्ड पुढच्या रविवारी बघू. बायकोनेही मान हलवली.

“नाही,” सासरे खिडकीपासून वळले. “कार्ड घाला.”

“पण बाबा, पुन्हा काही झालं तर नकाशाच—”

“त्याच्याशिवाय रेघ सरळ येणार नाही. मशीनचा दोष आहे, मी सांगतोय ना. दुकानदार सांगतोय. तुम्ही घाला कार्ड.”

ते एवढं निकराने म्हणाले, की जावयाने वर पाहिलं. सासरे त्याच्याकडे बघत नव्हते. ते मशीनकडे बघत होते, आरोपीकडे साक्षीदार बघतो तसे.

कार्ड पुन्हा आत गेलं. या वेळी जावयाने ते फुलाच्या नाजूकपणाने दाबलं आणि रॅमवर दुसऱ्या हाताचा अंगठा धरला. पंखा फिरला. टीं टीं नाही. पडदा काळाच. त्याने स्क्रू पाहिले, विजेची जोडणी पाहिली, कार्ड काढून फुंकर मारून परत घातलं, डिस्कला कान लावला. तक्त्याच्या तळाशी लिहितात ती सगळी कारणं त्याने धुंडाळली. वरच्या ओळींकडे तो गेलाच नाही. त्या मूर्खांसाठी असतात हे त्याला पक्कं माहीत होतं, तोच तर त्या लिहायचा.

“अरे,” बायको मशीनच्या मागे वाकून म्हणाली, “पडद्याची तार अजून जुन्याच भोकात आहे. कार्डाला आपलं वेगळं भोक आहे ना?”

मघाशी जुन्या जागी आहे हे ज्याने खात्रीने पाहून ठेवलं होतं, त्याच माणसाने तार काढून नव्या जागी खोचली. चित्र उमटलं. कोणी काही बोललं नाही, हा त्या घराचा मोठेपणा. फक्त सासूबाई चहा टाकायला आत जाता जाता म्हणाल्या, की आमच्या मिक्सरचंही असंच झालं होतं.

कार्डाचं सॉफ्टवेअर चढवेपर्यंत पडद्यावरची अक्षरं बटाट्याएवढी दिसत होती. मग ती एकाएकी बारीक आणि रेखीव झाली. नकाशा मोठा केला, लहान केला, सरकवला. पाण्यावरून होडी जावी तसा सरकला. दुकानदार म्हणाला होता ते शब्दशः खरं होतं.

सासऱ्यांनी खुर्ची ओढली. चष्मा पुसला. पाठीमागचे हात पुढे आणले आणि उजवा हात बिनतारी माउसवर ठेवला. हॉस्पिटलच्या फाटकासमोर अर्धवट थांबलेल्या लाइनच्या टोकाशी बाण नेला आणि वळशाचं पहिलं टिंब टाकलं.

ते विहिरीत पडलं.

त्यांनी ते पुसलं. पुन्हा टाकलं. बाण टोकापाशी जाऊन थरथरला, निसटला, रेघ वर गेली, खाली आली. पुसलं. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि मग टाकलं. करवतीचे दाते थोडे बारीक झाले एवढंच.

“थांबा बाबा, ते मागचं पुसायचं राहिलंय,” म्हणत बायको सहज पुढे वाकली. तिने त्यांच्या हाताशेजारून माउस आपल्याकडे घेतला आणि बाण पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेला. तो सरळ गेला. आखल्यासारखा. तिने राहिलेला तुकडा पुसला आणि मग तिला कळलं, की आपण काय दाखवलंय. तिचा हात माउसवर तसाच राहिला.

जावयाला मघाचा टॉर्च आठवला, आणि आपण वरच्या पट्टीत काय बोललो तेही आठवलं. सासऱ्यांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले होते आणि ते एकमेकांत गुंतवून दाबून धरले होते. त्यांची नजर पडद्यावरच होती. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मशीनला आता दोष देता येत नव्हता. त्याचा दोष जावयाने सकाळपासून राबून दूर केला होता.

पुस्तिका लिहिणाऱ्यांच्या धंद्यात एक दंडक असतो. नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी जावयाला तो सांगितला होता. समस्या काहीही असो, संभाव्य कारणाच्या रकान्यात वापरणाऱ्या माणसाचं नाव कधी लिहायचं नाही. वायर असते, प्लग असतो, धूळ असते, हवेतला दमटपणा असतो. माणूस नसतो.

“माउसचा सेल उतरलाय,” जावई म्हणाला.

सासऱ्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ड्राफ्ट्समनची नजर होती ती, कागदावरची रेघ सरळ आहे की नाही हे पट्टी न लावता ओळखणारी.

“आत्ता हिच्या हातात चालला की.”

“उतरता सेल असाच असतो बाबा. कधी चालतो, कधी नाही. सांगता येत नाही.”

“कधी चालतो, कधी नाही,” सासरे म्हणाले. त्यांनी ते घोळवून बघितलं. “असेल. तुम्ही टेक्निकल आहात, तुम्हाला माहीत असणार.” मग ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले आणि मुलीला म्हणाले, “तू बस गं इथे. आता सेल बदला, खटपटी करा, त्यात वेळ जाईल. मी सांगतो तशी तू काढ. संध्याकाळच्या आत त्या पोराला नकाशा गेला पाहिजे.”

बायको बसली. घरात नवा सेल नव्हता. जावयाने सासूबाईंचं बीपी मोजायचं मशीन आणलं, त्यातला एक सेल काढून माउसमध्ये घातला, आणि मशीनची जागा रिकामी राहायला नको म्हणून माउसचा तिकडे घातला. हे सगळं त्याने फार गंभीरपणे, सगळ्यांना दिसेल असं केलं. सासूबाई चहा घेऊन आल्या तेव्हा सासरे मुलीच्या खांद्यामागे उभे होते, हात पाठीमागे बांधून, आणि डोळे मिटून सांगत होते. फाटकाच्या खांबापासून चार फूट सोड. आता उजवीकडे. एकदम नको, विहिरीचा कठडा आहे तिथे, त्याला धरून फिर. फिर अजून. फिर. बास, इथे सांधा. लाल कर.

ती म्हणाली, “बाबा, इतका वर आहे सांधा?”

“मीच मापला होता. गुडघाभर चिखलात उभा राहून.”

वळसा पुरा झाला. दोन्ही टोकं जुळली. त्यांनी डोळे उघडून पडद्यावरची गोल रेघ पाहिली आणि तिच्यात कुठे दाता दिसतो का ते अगदी जवळ जाऊन तपासलं. एकही नव्हता. “कार्ड चांगलं आहे,” ते जावयाला म्हणाले. नकाशा गेला. त्यांना माउस हातात घेऊन बघा, असं कोणी म्हणालं नाही, त्यांनीही मागितला नाही.

त्यानंतर दर रविवारी बायको माहेरी जाते आणि बाप सांगेल तसे पाइप काढते.

बीपीच्या मशीनचा सेल उतरत आला की पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खूण लुकलुकायला लागते, असं त्याच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं आहे. सासूबाई रोज सकाळी बीपी मोजतात. माउसमधून काढलेला तो सेल अजून त्यातच आहे आणि खूण काही लुकलुकलेली नाही.